दुर्गदर्शनाचा पाठ : राजगडाच्या निमित्ताने

दिनांक ११ जुलै २०२५ रोजी, पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत समावेश करण्यात आला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा किल्ले महाराष्ट्रातील असून बारावा, जिंजीचा किल्ला, तमिळनाडूत आहे. या घटनेचा आनंद मराठी भाषा बोलणाऱ्या सर्वच प्रदेशांत व्यक्त झाला आणि आपला गोमंतकही त्यास अपवाद नव्हता. तेव्हापासून गडांकडे वळणाऱ्या पावलांना नवा उत्साह आला आहे. शाळांच्या सहली, ग्रामपंचायतींच्या युवक मंडळांच्या पदयात्रा, कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे सुटीतील दौरे यांच्या आखणीत आता समुद्रकिनाऱ्याबरोबर गडाचेही नाव घेतले जाते.

ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु गडावर जाऊन येणे आणि गड समजून घेणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कापावयाचे तर बरोबर जाणता मार्गदर्शक असावा लागतो. हा मार्गदर्शक कोणास म्हणावे, त्याने काय दाखवावे, काय सांगावे आणि कोणत्या गोष्टींची जबाबदारी स्वीकारावी, याचा विचार राजगडाचे उदाहरण समोर ठेवून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शिक्षक, ग्रामसेवक व मंडळांचे कार्यकर्ते यांस सहलीच्या पूर्वतयारीसाठी त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

एक अनुभव

आरंभी स्वतःच्या चुकीची कबुली देणे इष्ट ठरेल. काही वर्षांपूर्वी एका विद्यालयाच्या चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर प्रस्तुत लेखक डिसेंबर महिन्यात राजगडावर गेला होता. माहितीपुस्तिका हाती होती, नकाशा होता, वाट मळलेली होती. मग गावातील वाटाड्याच्या मजुरीचा खर्च कशास, असा विचार लेखकानेच मांडला आणि तो मान्य झाला. पायथ्याशी मुलांची मोजणी केली. ती चाळीस भरली. त्यानंतर दिवसभरात मोजणी झाली नाही.

सायंकाळी पाचच्या सुमारास पद्मावती तलावापाशी सर्वजण एकत्र जमले, तेव्हा मुले अडतीसच होती. हाका मारून झाल्या, शिट्ट्या झाल्या. सूर्य मावळला आणि डोंगरात पाहता पाहता काळोख दाटला. तलावाजवळ ताक विकणाऱ्या एक वृद्ध बाई आपली भांडी आवरीत होत्या. त्या जवळ आल्या व म्हणाल्या, "साहेब, दोन पोरं दुपारच्याला संजीवनीकडं गेल्याली म्या बघितली. अळू दरवाज्यानं उतरली असत्याल."

"मावशी, ती वाट कुठे जाते?" लेखकाने विचारले.

"भुतोंड्याकडं. पर अंधारात तिथं आपली गावकरी माणसंबी जपून पाय टाकत्यात."

त्यांचा मुलगा विजेरी घेऊन निघाला. त्याच्या मागून लेखक व एक शिक्षक गेले. आठ वाजून गेल्यावर अळू दरवाजाच्या खाली, वाटेच्या कडेस, दोघे मुलगे एकमेकांस बिलगून बसलेले सापडले. एकाचा घोटा मुरगळला होता. यापेक्षा अधिक काही झाले नाही, हे केवळ नशीब. परत आल्यावर त्या बाईंनी मुलांस ताक पाजले आणि लेखकाकडे पाहून एवढेच म्हटले, "साहेब, मोजून आणली तशी मोजून न्यायाची असत्यात."

त्या वाक्यात मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य सांगितलेले आहे. पुढे जे लिहिले आहे, त्याचा बराचसा भाग लेखक त्या दिवसानंतर, गडाखालच्या माणसांबरोबर पुन्हा पुन्हा गड चढून शिकला.

राजगडच का?

राजगड पुणे जिल्ह्यातील राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात आहे. मुरुंबदेवाचा डोंगर हे त्याचे जुने नाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. रायगडी राजधानी नेण्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे शिवाजी महाराजांचा कारभार येथून चालला. १६५९ च्या सप्टेंबरात सईबाई राणीसाहेबांचे निधन येथेच झाले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले आणि बारा महाराजांकडे राहिले, त्या बारांत राजगड होता. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाल्यावर महाराज परतले ते राजगडी. दिनांक २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्म याच गडावर झाला. १७०४ मध्ये औरंगजेबाने गड घेऊन त्याचे नाव नबीशाहगड ठेवले होते, परंतु ते नाव लोकांच्या तोंडी टिकले नाही.

इतिहासाच्या दृष्टीने हे महत्त्व झालेच. परंतु अभ्यासपाठासाठी राजगड निवडण्याचे कारण निराळे आहे. डोंगरी किल्ल्याची बहुतेक सर्व अंगे येथे सुटी सुटी, स्पष्ट पाहावयास मिळतात. मध्यभागी उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंस पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी त्याची रचना आहे. ज्याने राजगड नीट पाहिला, त्यास दुसऱ्या कोणत्याही गडावर गेल्यावर कोठे काय असावे याचा अदमास बांधता येतो.

पहिला पाठ : डोंगराचा

चढण्यास आरंभ करण्यापूर्वी पायथ्याशी दहा मिनिटे थांबून मुलांस डोंगर पाहावयास सांगावे. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला आहे. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे होत. त्यांतील काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर ऊनपावसाने झिजून उताराचे व सपाटीचे भाग तयार झाले, तर कठीण थरांचे उभे कडे उरले. कड्याच्या मधोमध जी रुंद सपाटी राहते ती माची आणि तिच्याही वर जो सुटा सुळक्यासारखा भाग उरतो तेथे बालेकिल्ला. गड बांधणाऱ्यांनी निसर्गाने घातलेला हा पाया ओळखला आणि जेथे कडा अपुरा होता तेवढ्याच ठिकाणी तट उभारला. म्हणून गडावर कोठे तट आहे हे पाहताना कोठे तो नाही आणि तेथे का नाही, हा प्रश्न मुलांस विचारावा. उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढेच असते.

आपल्याकडील मुलांना आणखी एक गोष्ट दाखविण्यासारखी आहे. गोमंतकातील बहुतेक जुने तट तांबड्या जांभ्या दगडाचे आहेत. राजगडचा दगड काळा कातळ आहे. जांभा जमिनीतून चिऱ्यांच्या रूपाने कापून काढता येतो, तर काळा कातळ सुरुंगाने वा छिन्नीने फोडावा लागतो. दगड बदलला की बांधणीची रीतही बदलते. हा भेद हाताने स्पर्श करून शिकता येतो.

दुसरा पाठ : वाटेचा व दरवाजाचा

गुंजवणे गावाकडून येणारी वाट चोर दरवाजाने पद्मावती माचीवर पोचते. ती उभ्या चढाची आहे. पाल गावाच्या बाजूने येणारी पाली दरवाजाची वाट अधिक प्रशस्त व पायऱ्यांची असून तीच राजमार्ग समजली जाते. लहान मुले अथवा वयस्क मंडळी बरोबर असल्यास पाली दरवाजाचीच वाट धरावी.

पाली दरवाजाशी आल्यावर ताबडतोब आत शिरू नये. मार्गदर्शकाने सर्वांस बाहेर उभे करून विचारावे, "तुम्ही शत्रू आहात. आता काय कराल?" वाट वळण घेऊन येते, त्यामुळे मोठी तुकडी एकदम दरवाजावर धावून जाऊ शकत नाही. पहिला दरवाजा ओलांडला तरी वर काही अंतरावर दुसरा दरवाजा असून त्याच्या बाजूस भक्कम बुरुज आहेत. दोन दरवाजांच्या मधला चढ वरच्या पहारेकऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. तटातील जंग्यांपाशी, म्हणजे बंदुकीच्या माऱ्यासाठी ठेवलेल्या तिरप्या छिद्रांपाशी, एकेका मुलास उभे करून बाहेर काय दिसते ते सांगावयास लावावे. आपण आताच ज्या पायऱ्यांवरून दम खात आलो त्याच पायऱ्या तेथून दिसतात, हे ध्यानात येताच मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते वर्गातील फळ्यावरच्या आकृतीने उमटत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गडास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष समजावा, दोनतीन दरवाजे व चोरवाटा असाव्यात, असा त्यातील अभिप्राय आहे. राजगडास पाली, गुंजवणे व अळू हे तीन दरवाजे आणि शिवाय चोर दरवाजा आहे. म्हणजे अमात्यांनी पुढे जे लिहून ठेवले, ते राजगडावर आधीच दगडात लिहिलेले होते.

तिसरा पाठ : पाण्याचा

गडाचे प्राण पाण्यात असतात. आज्ञापत्रातही किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एखादा झरा आहे एवढ्यावर विसंबून न राहता खडक फोडून टाकी करावीत, असे बजावले आहे. टाके खोदताना निघालेला दगड तटाच्या व इमारतींच्या कामी येई, म्हणजे एकाच श्रमात दोन कार्ये साधत.

राजगडावर पद्मावती माचीवरील विस्तीर्ण तलाव, बालेकिल्ल्यावरील चंद्रतळे आणि ठिकठिकाणची टाकी मुलांस दाखवावीत. येथे गणिताच्या शिक्षकांस उत्तम संधी आहे. समजा, एक टाके दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर खोल आहे. त्यात दीडशे घनमीटर, म्हणजे दीड लाख लिटर पाणी मावेल. पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत आठ महिने, म्हणजे सुमारे दोनशे चाळीस दिवस काढावयाचे आहेत. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी दिले तर एका माणसास बाराशे लिटर लागेल. म्हणजे ते टाके सव्वाशे माणसांस पुरेल. पण बाष्पीभवन, जनावरे, बांधकाम आणि वेढा पडल्यास वाढलेली शिबंदी यांचा हिशेब केला तर? मुले हा हिशेब स्वतः करू लागली, की गडावर इतकी टाकी का, याचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

आणि याच ठिकाणी त्यांस सांगावे की या पाण्यात उतरावयाचे नाही, साबण लावावयाचा नाही, रिकाम्या बाटल्या टाकावयाच्या नाहीत. टाक्यांच्या कडा शेवाळलेल्या व खोली फसवी असते. पोहावयास उतरणे जिवावर बेतू शकते. ज्याने पाण्याचा हिशेब केला आहे, त्यास ही सूचना धाकाची वाटत नाही, समजुतीची वाटते.

चौथा पाठ : तटाचा

संजीवनी माची ही राजगडाची सर्वांत लांब माची. टप्प्याटप्प्यांनी उतरत गेलेल्या या माचीवर दुहेरी तटबंदी आहे. बाहेरचा तट आणि आतला तट यांच्यामधून अरुंद खोलगट मार्ग जातो. काही ठिकाणी आतल्या बुरुजाला बाहेरच्या बुरुजाने वेढून घेतले आहे. अंगावर चिलखत घालावे तशी ही रचना असल्यामुळे त्यास चिलखती बुरुज म्हणतात. बाहेरचा बुरुज तोफांच्या माऱ्याने ढासळला तरी आतला अभंग राहतो आणि मधल्या अरुंद मार्गात शिरलेला शत्रू वरून होणाऱ्या माऱ्यात सापडतो. सुवेळा माचीवरही चिलखती बुरुज असून तेथील कातळास पडलेले आरपार नैसर्गिक छिद्र, ज्यास नेढे म्हणतात, दुरूनही ओळखू येते.

या माच्या पाहण्यास वेळ लागतो. एका दिवसाच्या सहलीत बालेकिल्ला, सुवेळा व संजीवनी ही तिन्ही घाईने उरकण्यापेक्षा एक माची व बालेकिल्ला एवढेच नीट पाहावे. सारे काही पाहण्याच्या हव्यासातून तुकडी विखुरते, आणि विखुरलेल्या तुकडीतूनच दोन मुले अळू दरवाजाने खाली उतरतात.

पाचवा पाठ : माणसांचा

दगडांकडे पाहता पाहता माणसे विसरली जातात. सभासदाच्या बखरीत गडांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत व कारखानीस असे अधिकारी असत. हुकमत, हिशेब, शिबंदी आणि कोठार ही कामे वेगवेगळ्या हातांत व वेगवेगळ्या जातींच्या लोकांकडे वाटून दिलेली होती. हेतू असा, की एक जण फितला तरी सारा गड शत्रूच्या हाती जाऊ नये. आजच्या कार्यालयांत पैसे देणारा, हिशेब ठेवणारा व तपासणारा हे वेगळे असतात, ही पद्धत अधिकारी वाचकांस परिचित आहेच. तिचे मूळ तत्त्व गडावर भेटते.

गडाच्या घेऱ्यात, चढाच्या निम्म्यावर, मेटे असत. तेथील मेटकरी दिवसरात्र वाटांवर नजर ठेवीत. रामोशी, कोळी, महार, बेरड अशा समाजांतील माणसांकडे घेऱ्याची राखण असे. राजवाड्याच्या जोत्यावर उभे राहून राजांची नावे सांगणे सोपे असते. ज्यांची नावे इतिहासात लिहिली गेली नाहीत, त्यांच्या जागा दाखविणे हे अधिक कठीण व अधिक आवश्यक काम होय. आज ताक विकणाऱ्या बाई आणि विजेरी घेऊन धावणारा त्यांचा मुलगा त्याच परंपरेचे वारस नव्हेत, असे कोण म्हणेल?

इतिहास आणि आख्यायिका

मार्गदर्शकाची खरी परीक्षा येथे होते. बालेकिल्ल्याच्या महादरवाजापाशी अफझलखानाचे शिर पुरले आहे, अशी समजूत आहे. श्रोते अशा ठिकाणी श्वास रोखून ऐकतात आणि मार्गदर्शकास रंग भरण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. 'असे सांगतात' हे दोन शब्द प्रत्येक आख्यायिकेपूर्वी न विसरता उच्चारावेत.

सिंहगडाचे उदाहरण अधिक बोलके आहे. दिनांक ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर करताना प्राणार्पण केले आणि त्यांच्या स्मरणार्थ गडास सिंहगड हे नाव मिळाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु १६६३ च्या, म्हणजे त्या घटनेपूर्वी सात वर्षांच्या, शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे. घोरपडीची कथाही पोवाड्यातून घराघरांत पोचलेली आहे. मग मुलांस काय सांगावे? दोन्ही सांगावे. पत्र काय म्हणते ते इतिहास म्हणून, आणि लोकांनी आपल्या वीराचे नाव गडाशी का जोडले ते लोकमानस म्हणून. काळोख्या रात्री कडा चढून जाणाऱ्या मावळ्यांचे शौर्य एका नावाच्या उगमावर अवलंबून नाही. पुराव्याने तानाजींचे मोठेपण तिळभर कमी होत नाही. उलट, खरे बोलण्यास न कचरणाऱ्या शिक्षकावर मुलांचा विश्वास वाढतो.

आणखी एक पथ्य आहे. गडाची कथा सांगताना आजच्या कोणत्याही समाजाविषयी कटुता निर्माण होईल अशी भाषा वापरू नये. सतराव्या शतकातील लढाया सत्तांच्या होत्या आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यांत निरनिराळ्या धर्मांची व जातींची माणसे होती, हे अभ्यासकांस ज्ञात आहे. मुलांस ते स्पष्टपणे सांगावे.

सुरक्षिततेचे नियम

पुढील सूचना अनुभवावर आधारित असून सहलीपूर्वी त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात :

(१) पायथ्याच्या गावातील माहीतगार माणूस बरोबर घ्यावा आणि त्याचा योग्य मोबदला आधी ठरवून द्यावा. त्याची मजुरी हा सहलीचा पहिला खर्च समजावा, शेवटचा नव्हे.

(२) पंधरा मुलांमागे किमान एक प्रौढ असावा. एक प्रौढ सर्वांच्या पुढे व एक सर्वांच्या मागे चालावा. मागच्याच्या पाठीमागे कोणीही राहू नये.

(३) प्रत्येक दरवाजापाशी, प्रत्येक माचीवर व प्रत्येक विश्रांतीनंतर मोजणी करावी. मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात, म्हणजे एक नाहीसा झाला की दुसरा बोलेल.

(४) सूर्यास्तापूर्वी दोन तास उतरण्यास आरंभ करावा. विजेरी मात्र प्रत्येकाजवळ असावी.

(५) माणशी दोन ते तीन लिटर पिण्याचे पाणी, साधे अन्न, टोपी व पकड घेणारी पादत्राणे आवश्यक आहेत. प्रथमोपचाराची पेटी व नित्य औषधे घेणाऱ्यांची यादी मार्गदर्शकाजवळ असावी.

(६) कड्यांवर व बुरुजांखाली आग्या मोहोळे असतात. धूर करू नये, दगड मारू नये, उग्र सुगंधी द्रव्ये लावून जाऊ नये. माश्या उठल्यास आरडाओरडा न करता तोंड व डोके झाकून त्वरित दूर जावे.

(७) पावसाळ्यात कातळ निसरडा होतो व धुक्यात वाट दिसेनाशी होते. त्या दिवसांत लहान मुलांस बालेकिल्ल्याच्या अवघड चढावर नेऊ नये. कड्याच्या टोकावर, तटाच्या माथ्यावर उभे राहून छायाचित्रे काढण्यास मुळीच अनुमती देऊ नये.

(८) गडावरील मुक्काम, वेळा व प्रवेश यांविषयी त्या त्या वेळी लागू असलेले नियम आगाऊ विचारून घ्यावेत. राजगड हा महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. खाजगी आयोजकामार्फत जावयाचे असल्यास त्याची नोंदणी, विमा व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण यांची लेखी खात्री करावी.

(९) संकटकाळी ११२ हा क्रमांक लावता येतो, परंतु डोंगरात सर्वत्र दूरध्वनीची लहर पोचत नाही. म्हणून आपण कोणत्या वाटेने जाणार व केव्हा उतरणार, हे पायथ्याच्या गावात सांगून मगच चढावे.

गडाचे आपल्यावरील ऋण

जागतिक वारशाचा मान मिळाल्याने दगड अधिक टणक होत नाहीत. तटाच्या सांध्यात उगवलेले झाड, कोरलेले नाव, माथ्यावरून ढकललेला एक दगड, दरवर्षी हजारो पायांनी पडणाऱ्या नव्या आडवाटा यांनी गड थोडा थोडा खचत असतो. आपल्या तुकडीने तरी आडवाट काढू नये, दगड हलवू नये, आणि नेलेला कचरा परत आणावा. उत्साहाच्या भरात तटावरील झाडे उपटणे अथवा ढासळलेले चिरे स्वतःच रचणे हेही टाळावे. झाडाच्या मुळाबरोबर तटाचा भाग निखळतो आणि चुकीच्या जागी रचलेला चिरा पुढील अभ्यासकाची दिशाभूल करतो. श्रमदान करावयाचे असल्यास पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीने व देखरेखीखालीच करावे.

गडाखालच्या गावांचाही विचार व्हावयास हवा. जेवण, ताक, वाटाड्या, वाहनतळ यांवरील खर्च शक्य तितका तेथेच करावा. ज्यांच्या घरी गडामुळे चूल पेटते, ते गडाची राखण अधिक मनापासून करतात.

घरी परतल्यावर

पाठ गडावर संपत नाही. राजगडाहून परतल्यावर मुलांस आपल्या परिसरातील ठिकाणांकडे त्याच दृष्टीने पाहावयास लावावे. फोंड्याचा किल्ला १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून जिंकला. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरईने त्यास वेढा घातला असता संभाजी महाराजांनी तो उठवावयास लावला. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये महाराजांच्या आज्ञेने झाला. आपल्या सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात, पारगड आहे. तानाजींचे पुत्र रायबा यांस महाराजांनी तेथील किल्लेदारी दिली, असे परंपरा सांगते. त्या गडावर आजही लोकवस्ती असून वंशपरंपरेने राहणारी घरे आहेत. लांबचा प्रवास शक्य नसलेल्या शाळांनी आरंभ पारगडापासून करावा, हे उत्तम.

लेखाच्या शेवटी त्या डिसेंबरच्या रात्रीची आठवण पुन्हा होते. गडावर कोणत्या राजाने काय केले, याची माहिती लेखकाजवळ त्या दिवशी भरपूर होती. आपल्याबरोबर आलेली दोन मुले कोठे आहेत, एवढीच माहिती नव्हती. जो मार्गदर्शक इतिहास सांगताना खरे बोलतो, गडास धक्का लावीत नाही आणि चाळीस मुले नेऊन चाळीस परत आणतो, त्यानेच गड दाखविला असे समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळील गडाचा अथवा गढीचा दरवाजा कोणत्या दिशेस आहे? तेथे पोचणारी वाट किती वेळा वळते, आणि का?

२. त्या ठिकाणच्या एका टाक्याचे, तळ्याचे अथवा विहिरीचे माप घेऊन त्यातील पाणी किती माणसांस आठ महिने पुरेल ते काढा.

३. त्या ठिकाणाविषयी गावातील वयोवृद्ध माणसे सांगतात अशी एक कथा लिहून घ्या. तिच्यातील कोणता भाग लेखी पुराव्यावर आधारलेला आहे आणि कोणता लोकांच्या स्मरणातून आलेला आहे, हे शिक्षकांच्या साहाय्याने वेगळे करून दाखवा.

४. सहलीत आपली तुकडी किती वेळा मोजली गेली, याची नोंद ठेवा.